पीडीएफमध्ये नवा मजकूर टाकताना अक्षरं का बिघडतात?

शिष्यवृत्तीचा अर्ज पीडीएफमध्ये येतो. त्यात नाव, पत्ता आणि शाळेचं नाव टाइप करून तो परत पाठवायचा असतो. भरणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं. समोरच्या कार्यालयात मात्र फाइल उघडल्यावर ‘विद्यार्थी’मधला रफार भलत्याच अक्षरावर गेलेला असतो, वेलांटी सुटलेली असते किंवा नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. माहिती बरोबर भरूनही अर्ज अडकतो. हे टाळता येतं, पण त्यासाठी पीडीएफची रचना थोडी माहीत हवी.

पीडीएफ वर्डसारखी का वागत नाही?

अडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणलं, ते कागदपत्र कुठल्याही संगणकावर सारखंच दिसावं यासाठी. २००८ मध्ये ते आयएसओचं प्रमाण मानक झालं. वर्डच्या फाइलमध्ये परिच्छेद असतात. एक शब्द वाढवला की पुढच्या ओळी आपोआप सरकतात. पीडीएफमध्ये साधारणपणे कोणतं अक्षर पानावर नेमकं कुठे छापायचं एवढीच नोंद असते. त्यामुळे नवा मजकूर जुन्या मजकुरात मिसळत नाही, त्याच्यावर येऊन बसतो. त्याचा फॉन्ट, आकार, रंग आणि जागा वेगळी जुळवावी लागते.

आधी फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

भरता येणारा फॉर्म : रकान्यावर क्लिक केल्यावर कर्सर येतो. फॉन्ट आणि आकार फॉर्म बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. आकार ‘ऑटो’ ठेवला असेल तर नाव लांब होत जाईल तशी अक्षरं बारीक होतात.

साधी पीडीएफ : मजकूर सिलेक्ट होतो, पण भरायला रकाने नसतात. इथे टेक्स्ट बॉक्स टाकावा लागतो. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ही सोय मोफत आहे, मात्र त्यात मुख्यतः आकार आणि रंगच बदलता येतो. फॉन्ट निवडायचा असेल तर लिब्रेऑफिस ड्रॉ किंवा अ‍ॅक्रोबॅटची पैसे भरून मिळणारी आवृत्ती वापरावी लागते.

स्कॅन : मजकूर सिलेक्टच होत नाही, कारण अख्खं पान हा एक फोटो आहे. त्यावर फक्त वरून लिहिता येतं.

मराठीची खरी अडचण कुठे आहे?

‘विद्यार्थी’ हा शब्द युनिकोडमध्ये दहा चिन्हांची साखळी आहे. त्यातली ऱ्हस्व वेलांटी ‘व’नंतर टाइप होते, पण दिसते त्याच्या आधी. ‘द’ आणि ‘य’ मिळून जोडाक्षर होतं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही जुळणी करणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे. ज्या एडिटरला ते जमत नाही, तो अक्षरं सुटी सुटी मांडतो.

दुसरी अडचण फॉन्टची. फाइल लहान राहावी म्हणून पीडीएफमध्ये अनेकदा फॉन्टचा वापरलेला भागच साठवतात. मूळ पानावर ‘ज्ञ’ नसेल, तर फाइलमधल्या फॉन्टमध्येही तो नसू शकतो. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’ हा टॅब असतो. तिथे फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं असेल, तर फॉन्टचा काही भागच आत आहे. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल, तर त्याच्याशी मिळताजुळता युनिकोड फॉन्ट निवडावा.

जुन्या फाइलींत कृतिदेवसारखे फॉन्ट सापडतात. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. म्हणून तिथला मजकूर कॉपी केला की अगम्य रोमन अक्षरं मिळतात. तोच फॉन्ट निवडून युनिकोड कीबोर्डने टाइप केलं, तर अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटतात.

मजकूर कसा जुळवायचा?

आकार : फॉन्टचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. पण दोन देवनागरी फॉन्ट १२ पॉइंटलाही लहानमोठे दिसू शकतात. पान २०० टक्के मोठं करावं आणि शेजारच्या शब्दाशी अक्षराची उंची जुळवावी.

जागा : मराठीत शिरोरेखा ही सोपी खूण आहे. नव्या आणि जुन्या शब्दांची शिरोरेखा एका सरळ रेषेत आली पाहिजे.

रंग : स्कॅनमधली शाई बहुधा करडी असते. पूर्ण काळ्याऐवजी गडद करडा रंग घेतला तर मजकूर वेगळा उठून दिसत नाही.

ओळी : लांब पत्ता एकाच बॉक्समध्ये कोंबण्यापेक्षा प्रत्येक ओळीला वेगळा बॉक्स घ्यावा. फॉर्मवरच्या छापील रेघांवर ओळी बरोबर बसतात.

या चुका टाळा

जुन्या मजकुरावर पांढरा चौकोन ठेवून नवा लिहिला, तरी जुना मजकूर फाइलमध्ये तसाच राहू शकतो. तो शोधता येतो, कॉपीही करता येतो. आधार क्रमांक किंवा बँक खातं लपवण्यासाठी हा उपाय कधीच वापरू नये.

ई-आधार किंवा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा यांच्या पीडीएफवर काहीही लिहू नये. स्वाक्षरीनंतर फाइल बदलली की पडताळणीत तो बदल दिसतो आणि स्वाक्षरी अवैध ठरू शकते. टीप द्यायचीच असेल तर वेगळ्या कागदावर द्यावी.

पाठवण्याआधी

टाकलेला मजकूर पानावर कायमचा बसवण्याला ‘फ्लॅटन’ करणं म्हणतात. विंडोजमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून नवी फाइल केली तरी हे काम होतं. मात्र नव्या फाइलमध्ये रकाने पुन्हा भरता येत नाहीत, म्हणून मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी. मग नवी फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून नाव, जोडाक्षरं आणि आकडे एकदा वाचून घ्यावेत. तिथे ‘विद्यार्थी’ नीट दिसला, तर कार्यालयातही तो नीट दिसण्याची शक्यता बरीच वाढते.