बिनपडद्याचें बेस गिटार आणि गाता स्वर



तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवितां सरकवितां एका क्षणीं तार एकाएकीं बोलूं लागते, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. मिरजेचा कारागीर ‘जवारी लागली’ एवढेंच म्हणतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या चमत्काराचा शास्त्रीय विचार मांडला. तार रुंद व किंचित् वक्र घोडीला स्पर्श करीत कंप पावते, म्हणून तिच्यांतून वरचे उपस्वर सतत उमटत राहतात. आज ज्या वाद्याची हकीकत मी सांगणार आहें, तें मिरजेपासून फार दूर, अमेरिकेंत, जन्मलें. परंतु त्याच्या गळ्याचें मर्म हेंच आहे.

१९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं विजेचें बेस गिटार बाजारांत आणलें. तोंवर खर्जाचें काम माणसाएवढ्या उंच डबल बेसकडे असे. त्याचा आवाज नगाऱ्यांच्या गोंगाटांत बुडून जाई. फेंडरनीं नव्या वाद्याच्या पट्टीवर धातूचे पडदे ठोकले आणि नांव दिलें ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. बोट कसेंही पडो, स्वर नेमका मिळे. मींड मात्र गेली.

इंग्लंडांतील बिल वायमन यांनीं १९६१ सालीं आपल्या स्वस्तांतल्या बेसचे झिजलेले पडदे नवे बसविण्यासाठीं काढले, आणि तो आवाज आवडल्यामुळें नवे बसविलेच नाहींत. १९६६ सालीं ॲम्पेग कंपनीनें बिनपडद्याचें बेस विक्रीस काढलें. १९७० सालीं खुद्द फेंडरच्या कारखान्यानेंही तोच मार्ग धरला.

पण त्याला गावयास लाविलें तें जॅको पास्टोरियस यानें. हा १९५१ सालींच जन्मलेला, फ्लॉरिडांत वाढलेला. त्याच्याजवळ १९६२ सालचें फेंडरचें जॅझ बेस होतें. त्याचे पडदे आपण सुरीनें उपटले असें तो सांगे. विकत घेतांनाच ते काढलेले होते, असेंही त्याच्याच तोंडचें आढळतें. इतिहासाच्या मास्तरानें अशा ठिकाणीं दोन्ही पाठ नोंदून पुढें जावें. खांचा त्यानें लाकडाच्या लगद्यानें बुजविल्या आणि पट्टीवर होड्यांना लावावयाच्या इपॉक्सीचे थर दिले. कारण उघड आहे: त्याच्या तारांवर गोल तारेचें वेष्टण असे, तें कानसेप्रमाणें लाकूड खाई. कठीण लेपामुळें पट्टी वांचली आणि स्वराला तेज व लांबी आली.

ही लांबी येते कशी? बोटाखालीं तार पडद्याच्या धारेवर टेंकत नाहीं. सपाट पट्टीवर टेंकते व अगदीं निमुळत्या कोनानें उठते. कंप पावतांना ती पट्टीला पुनः पुनः चाटून जाते, आणि स्वर तोंड उघडल्यासारखा ‘म्वा’ करीत फुलतो. यासाठीं तार खडखडणार नाहीं इतपत, पण शक्य तितकी खालीं हवी. मानेंतील पोलादी सळई पिळून मान जवळजवळ सरळ करावी. मध्यें पोस्टकार्डाच्या जाडीएवढा पोक पुरे. बोट पडद्याच्या मागें न ठेवतां पडद्याच्याच जागीं ठेवावें, आणि आवाज घोडीजवळच्या चुंबकावरून घ्यावा. तो जरा नाकांतला, पण स्पष्ट असतो.

माझ्या पुतण्याच्या मुलानें असें एक वाद्य घेतलें. दुकानदारानें ‘घरघर’ नको म्हणून तारा चांगल्या उंच करून दिल्या. वाद्य मुकें झालें, मुलगा खचला, आणि तें विकण्याची बोलणीं सुरू झालीं. मला गिटारांतलें कांहीं कळत नाहीं. पण जवारी उतरलेला तंबोरा मीं पुष्कळ ऐकला आहे. तारा थोड्या उतरवून पाहा, एवढेंच म्हणालों.

जॅकोचें तें वाद्य १९८६ सालीं न्यूयॉर्कमध्यें चोरीस गेलें. पुढल्याच वर्षीं, अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, मारहाणींत झालेल्या जखमांनीं तो वारला. वाद्य सुमारें वीस वर्षांनीं न्यूयॉर्कांतच सांपडलें. आमच्या घरचें विकावयाचें तूर्त राहिलें आहे. रात्रीं दहानंतर वाजवूं नये, एवढाच आतां वाद आहे.