सत्यान्वेषी आणि पडदा : शरदिंदू बंद्योपाध्याय यांची कारकीर्द

रहस्यकथाकाराच्या कृतींवर चित्रपट निघाले की त्याच्या मूल्यमापनाचे काम जणू पडद्यावरच सोपविले जाते. शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९-१९७०) या बंगाली लेखकाची कारकीर्द या सवयीला छेद देते. कारण येथे चित्रपट लेखनानंतर येत नाही, तो लेखनाच्या मध्यभागीच उभा आहे.

१९३२ मध्ये व्योमकेश बक्षी अवतरला. 'डिटेक्टिव्ह' या शब्दाचा तिटकारा असलेला, स्वतःस 'सत्यान्वेषी' म्हणविणारा हा नायक पुढे विवाह करतो, संसारात रमतो, वयाने वाढतो. १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठी शरदिंदू मुंबईस आले आणि पटकथालेखनात गुंतले. व्योमकेश सुमारे पंधरा वर्षे मौन राहिला. १९५१ च्या सुमारास तो परतला. १९५२ मध्ये लेखक पुण्यात स्थायिक झाला.

हा खंड म्हणजे निव्वळ हानी नव्हे. पुनरागमनानंतरच्या 'चिडियाखाना'त बेपत्ता चित्रपट-अभिनेत्री हे रहस्याचे एक प्रमुख सूत्र आहे. रूप पालटण्याची पडद्यावरील कला येथे गुन्ह्याच्या सेवेस लागते. अखेरच्या काही कथांत तर निवेदक अजितच दूर होतो आणि कथन तृतीयपुरुषी बनते. याचे श्रेय सर्वस्वी पटकथालेखनास देता येणार नाही; परंतु निवेदकाविना प्रसंग उभा करण्याची सवय त्या वर्षांनी लावली असावी, हे अनुमान असंगत ठरत नाही.

'चिडियाखाना'वर सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये उत्तमकुमारांना घेऊन चित्रपट केला. तो स्वतः राय यांनाही समाधानकारक वाटला नाही. अखेरच्या दीर्घ उलगड्यामुळे अशा कथा चित्रपटास मानवत नाहीत, असे त्यांचे मत होते. मात्र बासू चटर्जी यांच्या १९९३ च्या दूरदर्शन मालिकेत रजित कपूर आणि के. के. रैना यांच्या संथ संभाषणांतूनच कथा उलगडते, आणि जे चित्रपटात जड झाले ते घरगुती पडद्यावर सहज पेलले जाते.

तेव्हा माध्यमांतराचे यशापयश हा मूळ कृतीच्या दर्जाचा निकाल नसतो. कृतीतील कोणते तत्त्व कोणत्या माध्यमास विरोध करते, याचा तो पुरावा असतो. शरदिंदूंच्या कथेत हे तत्त्व म्हणजे दोन मित्रांचे बोलणे होय. रहस्यकथेचा वाङ्मयेतिहास लिहावयाचा तर प्रारंभ लोकप्रियतेच्या नोंदीपासून न करता अशा विरोधापासून करावा लागेल.