खामगाव : प्रारंभीची मोजणी व नकाशे

खामगाव (जि. बुलढाणा) ही वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ. येथील व्यापाराची सुरुवात साधारण 1820 च्या सुमारास, तूप, सूत आणि थोडा कापूस यांच्या खरेदी-विक्रीने झाली असे मानतात. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला, नाममात्र सार्वभौमत्व मात्र त्याचेच राहिले. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा भाग हा या मुलखाचा नैर्ऋत्य कोपरा. पश्चिमेला मुंबई इलाख्यातले खानदेश, दक्षिणेला निजामाचा प्रत्यक्ष अंमल, उत्तरेला सातपुडा. अशा सरहद्दीच्या प्रदेशातले गाव पन्नासेक वर्षांत मोठे शहर झाले, तर त्याचे नकाशे व्यापार किंवा नगररचना डोळ्यांपुढे ठेवून काढले असतील असे सहज वाटते. पुरावा निराळे सांगतो. खामगावची पहिली तपशीलवार मोजणी शेतसाऱ्यासाठी झाली. शहर त्या नकाशावर मागाहून वाढले.

वऱ्हाडात 1861 मध्ये मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणीपद्धत स्वीकारली गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घडवलेली हीच ती पद्धत. साहित्य अगदी मोजके : शंकू आणि 33 फुटी साखळी. साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त; साखळीच्या चौरसाचा एक गुंठा (1,089 चौ. फूट) आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतात मूळ रेषा धरायची, धुऱ्याच्या प्रत्येक वळणापर्यंत तिच्यावरून लंब घ्यायचे आणि आकडे टिपणात उतरवायचे. टिपण हा प्रमाणात काढलेला नकाशा नव्हे. तो हाताने काढलेला आराखडा. शेताचा आकार त्यात अंदाजे असतो, भरवसा असतो तो आकड्यांवर. टिपणांवरून गावनकाशा तयार होई आणि त्याचे प्रमाण इंचाला वीस साखळ्या, म्हणजे 660 फूट, असे. या प्रमाणात पाच एकरांचे शेत ठळक दिसते, पण वीस फूट दर्शनी रुंदीचे दुकान इंचाच्या तेहतिसाव्या भागात बसवावे लागते. पेन्सिलीच्या रेघेतच ते संपते. शिवाय गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून त्याची बाहेरची हद्द घेतली जाई आणि आतले वाडे, बोळ, बाजार मोजणीबाहेर राहत. मुलखात सर्वांत वेगाने पैसा जिथे फिरत होता, नेमकी तीच जागा नकाशावर कोरी राहिली. सरकारला मोजणी कशासाठी हवी होती, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की इंग्रजांच्या आधीही इथे जमीन मोजली जात होती. हे खरेच आहे. मलिक अंबरच्या (मृ. 1626) महसूलव्यवस्थेचा ठसा या भागावर होता आणि 1650 च्या दशकात मुर्शिद कुली खानाने दख्खनच्या सुभ्यांत जमिनी मोजवल्या. पण त्या मोजणीतून हाती येई तो बिघ्यांचा आणि साऱ्याचा हिशेब. शेताची जागा पाटील, पांडे आणि शेजारचा शेतकरी यांच्या स्मरणात राही, कागदावरच्या आकृतीत नाही. दुसरा आक्षेप त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. ते चालवणारा लॅम्ब्टन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला आणि त्याच्यामागून एव्हरेस्टने 78 अंश रेखांशाच्या आसपासची महान कमान वऱ्हाडातून उत्तरेकडे नेली. म्हणजे शास्त्रीय नकाशा शेतमोजणीच्या किती तरी आधीचा ठरतो. मात्र त्या त्रिकोणांच्या बाजू मैलोगणती लांब होत्या. डोंगरमाथे कुठे आहेत ते त्यांनी पक्के केले. कोणाचा धुरा कुठे संपतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते, आणि जमिनीच्या व्यवहाराला नेमके तेच हवे असते.

रेल्वेचा मुद्दा अधिक वजनदार आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) वऱ्हाडी कापसाचे भाव चढले, 1867 मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली, त्याच वर्षी खामगावला नगरपालिका झाली आणि 1870 मध्ये जलंब–खामगाव हा सुमारे आठ मैलांचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत सुरू झाला. मग शहराची आखणी रेल्वेनेच केली असे का म्हणू नये? बाजार कोणत्या दिशेला सरकणार, हे रूळांनी ठरवले, हे मान्य करावे लागते. पण जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गोदामे आणि कापसाच्या गाड्या उतरवायला लागणारे पटांगण यांना मोकळी जागा हवी होती आणि ती गावठाणाबाहेरच्या शेतांतच मिळण्यासारखी होती. शेताची ओळख तोवर सर्व्हे नंबराने होत होती. म्हणून खरेदी असो, संपादन असो वा अकृषक वापराची परवानगी, हद्द त्या नंबराचीच लागे. खामगाव 1905 मध्ये अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आले, तेव्हा कारभाराचे ठिकाण बदलले. शेताच्या हद्दी होत्या तिथेच राहिल्या.

गावठाणाच्या आतली मोजणी हा स्वतंत्र आणि उशिराचा अध्याय आहे. विदर्भातील शहरांत ती नझूल शीट आणि प्लॉट क्रमांकांच्या रूपाने झाली आणि तिच्यातून आखीव पत्रिका, म्हणजे मिळकतीचा उतारा, आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 126 मध्ये गावठाण व शहर मोजणीची तरतूद आहे. त्यामुळे जुन्या बाजारातील घराचा कागद शीट क्रमांकाने सुरू होतो, तर वाढीव वस्तीतील भूखंडाचा कागद मूळ शेताच्या सर्व्हे नंबराने. वाढीव वस्तीत हद्दीचा वाद उद्भवला की भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा आणि टिपण पुन्हा काढावे लागते.