खुनानंतर लेकरांचे काय?

खून झाला की मोर्चात आपण आरोपीला फाशी मागतो. मागे राहिलेल्या लेकरांचे काय?

१८५५ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टने मुलांसाठी भरपाईचा दिवाणी दावा दिला. नाव अपघाताचे, पण खुनालाही लागू. मुदत दोन वर्षे. मात्र नशिराबादच्या शेतमजुराच्या विधवेने जळगावच्या कोर्टात वकील लावायचा कशातून?

ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनी हा भार सरकारवर टाकला. २०१६ च्या दुरुस्तीनुसार सव्वाआठ लाख रुपये: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र गेल्यावर. शिवाय दरमहा ५,००० मूळ पेन्शन व महागाई भत्ता, एकाला नोकरी, मुलांचे पदवीपर्यंतचे शिक्षण. निकालाची वाट पाहायची नाही, आणि ही भीकही नव्हे! पण एफआयआरमध्ये ॲट्रॉसिटीचे कलम नसेल तर सगळेच अडते. म्हणून आम्ही आधी ते कलम बघतो, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जातो.