मातीची गाडी : खेळणे की पूजावस्तू?

मोहेंजोदडो, हडप्पा आणि चन्हुदडो येथील उत्खननांत भाजलेल्या मातीच्या लहान गाड्या विपुल सापडल्या आहेत. गाडीचा सांगाडा आणि भरीव चाके टिकली. लाकडाचा आस व भोकांतून उभ्या केलेल्या काड्या कुजून गेल्या. अहवालांतून या वस्तू बहुधा ‘खेळणी’ या सदरात पडतात. वस्तू लहान, म्हणून ती मुलाची, असे हे अनुमान आहे. आणि ते वाटते तितके पक्के नाही. याच संस्कृतीतील खडे भरलेले मातीचे खुळखुळे वा पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या यांची गोष्ट थोडी वेगळी. तेथे वस्तू हालवून, फुंकून पाहता येते आणि कान साक्ष देतो. गाडीची साक्ष ती ओढणाऱ्या हातापाशी होती, आणि तो हात आता नाही.

आकाराचे अनुमान किती फसवे ठरू शकते, हे दायमाबादने दाखविले आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या या स्थळी १९७४ साली धातूची चार शिल्पे मिळाली : दोन बैल जोडलेला रथ व त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. प्राण्यांनाही चाके आहेत, हत्तीच्या बैठकीला निदान ती बसविण्याची सोय आहे. केवळ लांबी पाहिली तर ही खेळणीच म्हणावी लागतील. परंतु चारही शिल्पांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक भरते. लहान मुलाला हा रेडा दोरीने ओढता येणार नाही. मिरवणुकीत वा पूजाविधीत ती वापरली जात असावीत, हे मत म्हणूनच ग्राह्य वाटते. त्यांच्या काळाविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही.

तथापि ‘खेळणे की पूजावस्तू’ हा विकल्प मुळातच काटेकोर आहे काय? विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून ओढत नेतात. बैलाची पूजाही होते आणि तो खेळलाही जातो. दोरीला बसणारा ताण, चाकांची खडखड, रंगविलेल्या लाकडाचा गुळगुळीतपणा हे सारे मुलाचे, विधी मोठ्यांचा. उद्याच्या उत्खननकाराने असा बैल कोणत्या सदरात घालावा?

वैयाकरणांनी या प्रश्नाचा एक धागा फार पूर्वी हाती घेतला होता. प्रतिकृती या अर्थी ‘कन्’ प्रत्यय होतो असे पाणिनी सांगतो (५.३.९६), म्हणून घोड्याची प्रतिमा ती ‘अश्वक’. पण जी प्रतिमा कोणाच्या उपजीविकेचे साधन आहे आणि विकण्यासाठी नाही, तेथे या प्रत्ययाचा लोप होतो (५.३.९९). अशी शिवाची प्रतिमा म्हणजे ‘शिव’च. काशिकावृत्तीने प्रत्युदाहरणे दिली आहेत ती बाजारातली : विकले जाणारे हस्तिक, अश्वक आणि रथक. हे रथक मुलांसाठीच होते असे वृत्तिकार म्हणत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी एवढे निश्चित की भेद आकारावर नाही, व्यवहारावर आहे.

‘मृच्छकटिक’ या नावातील शकटिकाही अशीच क-युक्त. (अंगारशकटीतून आपल्याकडे शेगडी आली, चाके गेली, नाव राहिले.) सहाव्या अंकातील रदनिका तिला प्राकृतात ‘सअडिआ’ म्हणते. हा प्रसंग दारिद्र्याच्या करुण चित्रासाठी वाखाणला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु खेळण्याच्या इतिहासाला त्याचे मोल निराळे आहे. येथे गाडीविषयी मूल स्वतः बोलते. मातीच्या गाडीत गरिबाचे पोर रमते, ही आपली आवडती समजूत रोहसेन मोडून काढतो. रदनिकेने करून दिलेली गाडी त्याला नको असते, कारण शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने खेळून पाहिली आहे.