दार्जिलिंगचे पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय

दार्जिलिंगला जाणारे पर्यटक टायगर हिलचा सूर्योदय आणि टॉय ट्रेन यांत दिवस संपवतात. प्राणिसंग्रहालय वेळ उरल्यास. वास्तविक यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. चौरस्त्यावरून जवाहर पर्वताच्या वाटेने रमतगमत चालत गेले, तरी अर्ध्या तासात प्रवेशद्वार येते.

सुमारे ७००० फूट उंचीवरील हे संग्रहालय १९५८ मध्ये स्थापन झाले. पश्चिम बंगालच्या माजी राज्यपाल पद्मजा नायडू यांचे नाव त्याला १९७५ मध्ये देण्यात आले. सिंह, जिराफ, पाणघोडा येथे शोधू नयेत. थंड हवेतील हिमालयीन प्राण्यांचे जतन हेच संस्थेचे मुख्य काम आहे. हिमबिबट्या, तिबेटी लांडगा आणि तांबडा पांडा यांचे येथे नियोजनपूर्वक प्रजनन केले जाते.

यांतील तांबड्या पांडाची कथा सर्वांत उद्बोधक. मांजरापेक्षा थोडा मोठा, झुबकेदार शेपटीचा हा प्राणी मुख्यतः बांबूच्या पानांवर जगतो. जंगलतोडीमुळे तो संकटग्रस्त ठरला आहे. येथे जन्मलेल्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या. त्यांपैकी एक हिंस्र श्वापदाच्या भक्ष्यस्थानी पडली. दुसरीने मात्र जंगलातच पिलाला जन्म दिला. पिंजऱ्यात वाढलेला जीव रानात टिकू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर असे अर्धे कटू, अर्धे आशादायक मिळाले. प्रयत्न मात्र थांबले नाहीत. जवळच्या तोपकेदारा येथील प्रजनन केंद्रात पर्यटकांना प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे. गोंगाटाने बिथरलेली मादी पिलांची हेळसांड करते.

पांडा पाहायचा तर सकाळी लवकर जावे. दुपारी तो फांदीवर निजलेला असतो. त्याला उठवण्यासाठी टाळ्या, शिट्ट्या वाजवणारी मंडळी दुर्दैवाने येथेही भेटतात! पिंजऱ्यांजवळील माहितीफलक वाचत चढण चढल्यास दमही लागत नाही आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरेही सापडतात.

१९६० मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी भारताला भेट दिलेली सैबेरियन वाघांची जोडी याच ठिकाणी ठेवण्यात आली होती.

याच आवारात हिमालयन गिर्यारोहण संस्था असून तेथे तेनसिंग नोर्गे यांचा पुतळा आहे. संग्रहालय गुरुवारी बंद असते.