पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा : जमीन व गृहबांधणी

पुणे शहराच्या वायव्य व उत्तर बाजूंना हवेली, मुळशी, मावळ आणि खेड या तालुक्यांत पसरलेला औद्योगिक व नागरी भूभाग. पवना, मुळा, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या खोऱ्यांत तो वसला आहे. जुना पुणे–मुंबई रस्ता, पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता या त्याच्या तीन मुख्य वाटा. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, चाकण नगरपरिषद, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी), पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि अनेक ग्रामपंचायती येथे आपापल्या हद्दीत कारभार पाहतात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखाली मात्र चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड व हिंजवडी एकत्र आली. महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती, ती २०११ च्या जनगणनेत १७,२७,६९२ झाली. त्याच जनगणनेत चाकणची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती.

या पट्ट्यातील जमिनीचा भाव पीक किंवा मातीची प्रत पाहून ठरत नाही. सरकारी नकाशावर संपादन, पालिका हद्द, दारूगोळा कोठारांभोवतीचा रेड झोन, पूररेषा व रस्ता यांच्या रेषा कुठून जातात, यावर तो ठरतो. एकाच गावातील दोन भावांच्या जमिनींपैकी एक संपादनात जाते आणि दुसरी रेषेबाहेर राहून बाजारभावाने विकली जाते. येथील बहुतेक वाद अशा फरकातून निघाले आहेत.

पूर्वपीठिका : चिंचवड हे मोरया गोसावी यांच्या समाधीमुळे, तर चाकण संग्रामदुर्ग या भुईकोटामुळे व कांद्या-बटाट्याच्या बाजारामुळे पूर्वीपासून माहीत असलेली गावे. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी संग्रामदुर्ग लढवला. फाळणीनंतर पिंपरी येथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ती आजही ‘पिंपरी कॅम्प’ म्हणून ओळखली जाते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि औद्योगिकीकरणाला आरंभ झाला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाल्यावर भोसरी, पिंपरी, आकुर्डी व चिंचवड परिसरातील शेती मोठ्या प्रमाणावर संपादित झाली. टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो, बजाज टेम्पो यांच्यासारखे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग त्याच काळात आले.

१९७० मध्ये पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या जकातीवर तिची तिजोरी भरली. रुंद रस्ते, उड्डाणपूल आणि उद्याने या पैशातून उभी राहिली. २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला व २०१७ मध्ये त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. १९९७ मध्ये वाकड, रावेत, पुनावळे, मोशी, चिखली, चऱ्होली इत्यादी गावे हद्दीत आली आणि २००९ मध्ये ताथवड्याची भर पडली. हद्दीत आलेल्या गावांची शेती विकास आराखड्यानुसार रहिवासी विभागात गेली. पुढील दोन दशकांतील बहुतेक गृहबांधणी याच गावांत झाली.

प्राधिकरण व परतावा : कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडीपासून भोसरी-मोशीपर्यंतच्या गावांतील जमिनी घेऊन त्याने सेक्टर पाडले व भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. निगडी-प्राधिकरणाची आखीव वस्ती हे त्याचे ठळक यश. दुसरीकडे, संपादित केलेल्या पण बराच काळ मोकळ्या राहिलेल्या सेक्टरांत मूळ मालकांनी व त्यांच्याकडून जागा घेतलेल्यांनी विनापरवाना घरे बांधली.

१९८४ नंतर जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण लागू झाले. १९७२ ते १९८३ या काळात जमिनी गेलेले शेतकरी मात्र त्यातून वगळले गेले आणि त्यांचा परताव्याचा लढा अनेक दशके रेंगाळला. २०२१ मध्ये प्राधिकरण बरखास्त करून पीएमआरडीएत विलीन करण्यात आले, तर त्याच्या विकसित क्षेत्राचे नियोजन महापालिकेकडे आले. मधल्या काळात २०१७ मध्ये आराखड्यातील वर्तुळाकार रस्त्यासाठी थेरगाव, काळेवाडी, वाल्हेकरवाडी भागातील घरे पाडण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याविरुद्ध रहिवाशांनी ‘घर बचाव संघर्ष समिती’ उभारली.

चाकण : पिंपरी-चिंचवडमध्ये नव्या कारखान्यांना मोठे सलग भूखंड उरले नाहीत, तेव्हा एमआयडीसी इंद्रायणीपलीकडे खेड तालुक्यात गेली. बजाज ऑटोचा चाकण कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ २००९ मध्ये, तर महिंद्रा २०१० मध्ये आली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली, वासुली, वराळे, आंबेठाण ही गावे टप्प्याटप्प्याने औद्योगिक क्षेत्रात किंवा त्याच्या वेढ्यात आली. शेजारच्या तळेगावात जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारखाना काढला व २०२० अखेर तेथील उत्पादन थांबवले. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला.

एमआयडीसी उद्योगांना ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड देते. संपादन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ खाली होते. ‘३२/२ ची नोटीस’ आली की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत एमआयडीसीचा शेरा चढतो. संपादन वर्षानुवर्षे पूर्ण झाले नाही, तरी हा शेरा असेपर्यंत जमीन विकता येत नाही आणि तिच्यावर कर्ज मिळणेही अवघड होते. त्यामुळे ‘शिक्के काढा’ ही खेड व मावळ तालुक्यांतील शेतकऱ्यांची नेहमीची मागणी आहे. धरणांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी राखलेल्या जमिनींवरील शेऱ्यांबाबतही तीच तक्रार असते. खेड येथील विशेष आर्थिक क्षेत्रात शेतकऱ्यांना १५ टक्के जमीन परत देण्याचे ठरले होते, पण हा परतावा कोणत्या रूपात व कधी मिळणार यावर दीर्घ आंदोलन झाले. चाकण-राजगुरुनगर परिसरात योजलेला पुण्याचा नवा विमानतळ २०१६ मध्ये पुरंदर तालुक्यात हलवण्याचे ठरले आणि त्याच्या आशेने जमिनीत पैसे गुंतवलेल्यांचे हिशेब चुकले.

कारखान्यांच्या भोवती दुय्यम बाजार तयार झाला. त्यात गोदामे व शेड भाड्याने देणे, कंपन्यांना बस व ट्रक पुरवणे, मनुष्यबळाची व भंगाराची कंत्राटे घेणे, कंत्राटी कामगारांसाठी दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळी बांधणे हे व्यवसाय येतात. जमीन गेलेल्या अनेक घरांचे उत्पन्न आज शेतीऐवजी भाड्यावर चालते. भंगार व माथाडी कंत्राटांवरून होणारी दमदाटी व खंडणीचे गुन्हे ही या बाजाराची दुसरी बाजू आहे.

व्यवहाराच्या रीती : व्यवहाराचे एकक गुंठा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट व ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबारा, फेरफार, आठ-अ व मोजणीचा नकाशा पाहिल्यावर इसारपावती होते, पुढे साठेखत आणि शेवटी खरेदीखत. मोठ्या क्षेत्रावर बिल्डर जमीन विकत न घेता मालकाशी विकसन करार करतो. मालकाला ठरलेला बांधीव हिस्सा मिळतो आणि सोबत कुलमुखत्यारपत्र दिले जाते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत बहिणींचे व चुलत्यांचे हक्क निघतात, म्हणून खरेदीपूर्वी वकिलामार्फत वृत्तपत्रांत ‘जाहीर नोटीस’ देऊन हरकती मागवतात. पिंपरी-चिंचवड आवृत्त्यांतील छोट्या अक्षरांच्या या नोटिसांतून कोणत्या गावात उलाढाल वाढली आहे याचा अंदाज जाणकार बांधतात. जमिनीच्या पैशातून आलेल्या अकस्मात श्रीमंतीने ‘गुंठामंत्री’ ही उपहासाची पदवी रूढ केली. अंगावरचे सोने, मोठी गाडी आणि वाढदिवसाचे फ्लेक्स ही तिची ठरलेली चिन्हे.  

तुकडेबंदी कायद्यामुळे (१९४७) शेतजमिनीचा लहान तुकडा विकता येत नाही. पुणे जिल्ह्यासाठी ही किमान मर्यादा २०२३ मध्ये जिरायतीला २० व बागायतीला १० गुंठे झाली. कामगाराला मात्र परवडतो तो एक-दोन गुंठ्यांचा तुकडा. यातून नोटरीवरचे व्यवहार आणि दहा-अकरा जणांनी मिळून केलेली ‘सामाईक खरेदी’ या पळवाटा निघाल्या. अशा जमिनीवरील घराला ग्रामपंचायत कराचा उतारा मिळतो, वीज मिळते, पण बांधकाम परवानगी नसते. गुंठेवारी अधिनियम (२००१) आणि त्यातील २०२१ च्या दुरुस्तीने अशी घरे नियमित करण्याची वाट दिली. २०२५ मध्ये राज्य सरकारने नागरी क्षेत्रातील जुन्या तुकड्यांना तुकडेबंदीतून मोकळीक देण्याचे जाहीर केले.

सदनिकांच्या व्यवहारात १ मे २०१७ पासून महारेराची नोंदणी आवश्यक झाली. ५०० चौ.मी.पेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ती लागू आहे आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ७ टक्के असून महिला खरेदीदारास एक टक्का सवलत आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने रेडी रेकनरचे दर वाढवले. त्यात पुणे शहराची वाढ ४.१६ टक्के, तर पिंपरी-चिंचवडची ६.६९ टक्के होती.

अनधिकृत बांधकामे : देहूरोड दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्ड व दिघी येथील कोठाराभोवती १,१४५ मीटरपर्यंत बांधकामास बंदी आहे. या ‘रेड झोन’मध्ये निगडी, तळवडे, चिखली, रावेत, किवळे, दिघी, भोसरी यांचे भाग येतात. तेथे जागा स्वस्त मिळते आणि परवानगी मिळत नसल्याने विनापरवाना वस्ती वाढते. २००८ पासून अवैध बांधकामांना मिळकतकराच्या दुप्पट ‘शास्ती कर’ लागू झाला. महापालिका आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या काळात (२०१२–१४) इमारती पाडण्याची मोहीम झाली आणि शास्ती हा प्रत्येक निवडणुकीचा विषय बनला. मार्च २०२३ मध्ये शास्ती माफ झाली, परंतु त्यामुळे बांधकामे नियमित झाली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील भंगार गोदामे व शेड मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. १७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जमीनदोस्त झाले. तेथील रहिवाशांनी आयुष्यभराची कमाई घरात घातली होती.

पाणी व रस्ते : पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून शहरात आणण्यास मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि प्रकल्प दीर्घकाळ थांबला. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी येते. आंद्रा व भामा आसखेड धरणांतून अनुक्रमे १०० व १६७ दशलक्ष लिटर दैनंदिन पाण्याचा कोटा मंजूर आहे. मोशी, चिखली, वाकड, रावेत येथील अनेक मोठ्या सोसायट्यांच्या मासिक खर्चात टँकरचा वाटा मोठा असतो. पालिकेचे पाणी येईपर्यंत पुरवठा करण्याचे विकसकाचे हमीपत्र आणि मानीव अभिहस्तांतरण (जागा सोसायटीच्या नावावर करून घेणे) हे तेथील सभांचे नित्याचे विषय आहेत. पुनावळे येथील नियोजित कचरा डेपो नव्या सोसायट्यांच्या विरोधामुळे डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला.

६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली आणि पुढे निगडीपर्यंतच्या विस्तारास मंजुरी मिळाली. चाकणला अशी सोय नाही. तळेगाव चौक व आंबेठाण चौकातील कोंडीत कामगारांच्या बस आणि कंटेनर तासन्‌तास अडकतात.

सद्यःस्थिती : मे २०२५ मध्ये महापालिकेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला व त्यावर हजारो हरकती आल्या. आळंदीजवळ मोशी येथे दाखवलेल्या कत्तलखान्याच्या आरक्षणास वारकऱ्यांनी विरोध केल्यावर मुख्यमंत्र्यांनी ते रद्द करण्याची घोषणा केली. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी चाकणची वाहतूककोंडी पाहिल्यावर चाकण परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिकेची कल्पना मांडली. तसे झाल्यास १९९७ मध्ये वाकड-मोशीत जे घडले त्याची पुनरावृत्ती खेड तालुक्यात होईल : हद्द आधी येईल, जमिनीचे भाव लगेच चढतील आणि पाणी, रस्ते व परताव्याचे प्रश्न मागून येतील. साठ वर्षांत या पट्ट्याने देशाच्या वाहन उद्योगाला जागा पुरवली. जमीन देणाऱ्याला व घर घेणाऱ्याला वेळेवर न्याय देणारी व्यवस्था मात्र तो अजून उभी करू शकलेला नाही.